‘२०२८ च्या आत प्रभू येणार, मग पोरीची फी कशाला भरायची?’

पत्र थोडक्यात असं आहे. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम बाजूच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, घरात मराठी, बाजारात कन्नड. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. दीड वर्ष झालं ते रात्री एक-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शेवटल्या काळाचे व्हिडिओ बघतात, एका नव्या फेलोशिपच्या (प्रार्थनागटाच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत आणि २०२८ च्या आत प्रभू येशू परत येणार असं त्यांचं ठाम मत झालंय. एलआयसीचे दोन हप्ते चुकवले. मुलगी एसएसएलसी (दहावी) चांगल्या मार्कांनी पास झाली, तिला पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स घ्यायचंय, तर हे म्हणतात दोन वर्षांनी जगच राहणार नाही, फी कशाला. आता स्वतःच्या वडिलांच्या जमिनीतले वीस गुंठे विकून पैसे ‘सेवेला’ द्यायचं चाललंय. ताई विचारतात, ‘मला ती तारीख पटत नाही म्हणजे माझा विश्वास कमी आहे काय? प्रभू खरंच आला आणि मी मागे राहिले तर? आणि नाही आला तर पोरीचं काय?’ खाली ता. क. आहे: ‘मोठे दीर दीड वर्षापूर्वी हार्ट अटॅकनं अचानक गेले. तसा त्याचा याच्याशी काही संबंध नाही.’

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना जमिनीवरच नजर अडकली, वीस गुंठे म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला सांगायला लागत नाही. दुसऱ्यांदा वाचताना ता. क. दिसला. त्याच्याकडं नंतर येते.

आधी तुमची भीती. मी काही पाळक नाही, पण संडेस्कूलपासून हेच ऐकत वाढलेय, तेव्हा एवढं खात्रीनं सांगते की प्रभू परत येणार हा ख्रिस्ती विश्वासाचा भाग आहे, कुठल्या साली येणार हा नाही. चौथ्या शतकात ठरलेला निकेयाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, काढून बघा, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो गौरवानं परत येईल एवढंच आहे त्यात, पुढं तारीख लिहायला जागा सोडलेली नाही. आणि बायबलातलं मत्तय २४:३६ तर मिस्टरांनाही पाठ असेल, त्या दिवसाविषयी आणि त्या घटकेविषयी पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालासुद्धा नाही. म्हणजे पुत्राला जे ठाऊक नाही म्हणून लिहून ठेवलंय ते मोबाईलमधल्या ब्रदरला ठाऊक आहे, आणि तुम्ही ते मानलं नाही म्हणून विश्वास तुमचा कमी! हे काही मला जमलेलं नाही.

‘मागे राहिले तर’ हे वाक्य तुम्ही जिथून ऐकलंय तिथं दहा कुमारींचा दाखला नक्की सांगितला असेल, मत्तय २५. तो जरा सावकाश वाचा. वराला उशीर लागला तेव्हा दहाच्या दहा जणी झोपल्या, शहाण्यासुद्धा. फरक फक्त तेलाचा होता. मूर्ख मुलींना वाटलं नवरा आत्ता येतोय, जादा तेल कशाला, शहाण्या मुलींनी उशीर होईल असं धरून भांड्यातनं तेल बरोबर घेतलं. आता मला सांगा, तुमच्या घरात तेल कोण घेऊन बसलंय? हप्ते भरा म्हणणारी, पोरीची ॲडमिशन घ्या म्हणणारी तुम्हीच की! मी हा दाखला लहानपणापासून ऐकत आले आणि चाळिशी उलटेपर्यंत मलाही हे दिसलं नव्हतं, त्यामुळं मिस्टरांना दिसलं नाही म्हणून त्यांना बोल लावत नाही.

दुसरी एक गोष्ट तुम्ही धरून चाललाय, की बायबल मानणारे सगळे एकीकडं आणि तुम्ही एकटी दुसरीकडं. असं नाहीये हो. या विषयावर ख्रिस्ती लोकांत पहिल्यापासून मतभेद आहेत. बायबलातल्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या २० व्या अध्यायात हजार वर्षांचं राज्य आहे ना, त्यावरनंच तीन मोठे पंथ पडलेत. एक म्हणतात ख्रिस्त आधी येईल आणि मग हजार वर्षं राज्य करेल. दुसरे म्हणतात सुवार्ता पसरत पसरत जग सुधारेल, तो काळ सरला की तो येईल. तिसरे म्हणतात हजार हा आकडाच प्रतीक आहे, ख्रिस्ताचं राज्य आत्ताच चालू आहे आणि शेवटी तो येईल, पाचव्या शतकात ऑगस्टिननं हे मांडलं आणि कॅथलिक मंडळी साधारण याच वाटेनं गेली. आणखी काही अभ्यासक म्हणतात मत्तय २४ मधलं बरंचसं इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं तेव्हाच घडून गेलं. तुमच्या ओळखीतला एक कॅथलिक, एक मेथडिस्ट आणि एक पेंटेकोस्टल यांना एका बाकावर बसवून विचारा, तीन उत्तरं मिळतील आणि मेथडिस्टाला विचारलं तर कदाचित त्याची एकट्याचीच दोन.

आणि तो ‘रॅप्चर’ म्हणून जो शब्द ग्रुपवर सारखा येतो, म्हणजे महासंकटाच्या आधी विश्वासणाऱ्यांना गुपचूप वर उचललं जाणार आणि बाकीचे खाली राहणार, त्याला आज आपण ओळखतो ते रूप १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या माणसानं दिलं आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांच्या बायबलनं ते जगभर पोचवलं. दोन हजार वर्षांतली शेवटची दोनशे वर्षं. तेवढ्यावरनं ते खोटं ठरत नाही, मनापासून तसं मानणारी चांगली माणसं माझ्या ओळखीत आहेत. पण त्यांच्यातले बहुतेक पाळकसुद्धा साल सांगत नाहीत, ते म्हणतात कुठल्याही क्षणी. आणि कुठल्याही क्षणी म्हणणाऱ्याला २०२८ म्हणता येत नाही, दोन्हीपैकी एक काहीतरी सोडायला लागतं. हा प्रश्न मिस्टरांनी ग्रुपवर विचारला तर काय उत्तर येतंय ते मलाही ऐकायचंय.

२०२८ कुठनं आलं ते सांगते. अंजिराच्या झाडाचा दाखला आहे, ही पिढी नाहीशी होण्याआधी हे सगळं होईल असं वचन आहे. अंजीर म्हणजे इस्राएल, इस्राएल देश झाला १९४८ ला, पिढी म्हणजे चाळीस वर्षं, म्हणून १९८८. हे १९७० च्या दशकात अमेरिकेत जोरात चाललं होतं आणि १९८८ च्या सप्टेंबरसाठी एका माजी इंजिनिअरनं अठ्ठ्याऐंशी कारणं देऊन पुस्तिका काढली, ती लाखांनी खपली. १९८८ गेलं. मग स्तोत्र ९० काढलं, माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, शक्ती असली तर ऐंशी. सत्तर धरून २०१८ गेलं. आता ऐंशी धरलेत, १९४८ अधिक ऐंशी. पुढं काय धरतील ते बघायला आपण असू नसू.

अशा तारखा नवीन नाहीत. अमेरिकेत विल्यम मिलर म्हणून एक शेतकरी होता, त्यानं दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांचा हिशोब मांडला, शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली, आणि हजारो लोक रात्रभर जागत बसले. काहींनी बटाटे काढलेच नाहीत, जमिनीत तसेच ठेवले. आपल्याकडं रताळी काढायच्या वेळेला कुणी असं केलं तर गाव काय म्हणेल बघा. कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख धरून लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकून पैसे त्या चर्चला दिले, आणि तिथल्या प्रमुखाला फसवणुकीत अटक झाली तेव्हा त्याच्याकडं त्या तारखेच्या नंतर मुदत संपणारे बाँड निघाले. लोकांना शेवट सांगून स्वतः पुढचं बघून ठेवलं होतं. अमेरिकेतले रेडिओवरचे हॅरोल्ड कॅम्पिंग आधी १९९४ म्हणाले, मग २१ मे २०११, मग ऑक्टोबर, पण निदान त्यांनी २०१२ मध्ये चुकलो, हे पाप झालं असं लिहून तरी दिलं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसानं २३-२४ तारीख सांगितली होती, ती मिस्टरांच्या मोबाईलवर नक्की आली असणार. तेव्हा ते काय म्हणत होते आठवून बघा. चिडवायला नाही, नुसतं आठवून ठेवा.

आमच्या गल्लीत १९९९ च्या डिसेंबरात एका मावशींनी दोन कॅन रॉकेल आणि मेणबत्त्यांची मोठी पेटी आणून ठेवली होती, २००० साल लागलं की काळोख होणार म्हणून. जानेवारीत काहीच झालं नाही. मावशी चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, मग हळूच एकेका घरात मेणबत्त्या वाटल्या आणि जूनमध्ये पाऊस लागून लाईट जायला लागली तेव्हा आम्ही त्याच लावत होतो. त्यांचं नुकसान तेवढ्यावरच राहिलं, रॉकेल आणि मेणबत्त्या. म्हणून मला तुमच्या मिस्टरांच्या श्रद्धेची काळजी वाटत नाही, जमिनीची वाटते.

आता ता. क. तुम्ही म्हणता संबंध नाही. दीर गेले दीड वर्षापूर्वी आणि व्हिडिओ सुरू झाले दीड वर्षापूर्वी, हे तुमच्याच पत्रातलं आहे ताई. तारखेचा वाद तुम्ही बायबलचा वाद समजून लढताय, मला वाटतं तो माणूस दुसरंच काहीतरी विचारतोय. मोठा भाऊ सकाळी होता आणि दुपारी नाही, त्याला परत कधी भेटणार, हे विचारायचं धैर्य होत नसेल तर माणूस ‘प्रभू कधी येणार’ असं विचारतो, त्यात लाज वाटत नाही, उलट भक्ती दिसते. माझा अंदाज चुकीचा असू शकतो, घरात तुम्ही राहता मी नाही.

पण हे बघा. रॅप्चरवाले जो उतारा सगळ्यात जास्त वापरतात, पहिलं थेस्सलनीकाकर ४, ढगात उचललं जाणं वगैरे, तो बहुतेक वेळा सोळाव्या-सतराव्या ओवीपासून वाचतात. तुम्ही तेराव्यापासून वाचा. प्रेषित पौलानं इ. स. ५० च्या आसपास थेस्सलनीकाच्या मंडळीला हे पत्र लिहिलं ते तिथली काही माणसं मेली होती म्हणून. मागे राहिलेल्यांना वाटत होतं की आमचं माणूस आधीच गेलं, आता प्रभू आल्यावर त्याचं काय, ते चुकलं की काय. पौल सांगतो की नाही, मेलेले आधी उठतील, मग आपण, आणि सगळे एकत्र. आणि शेवट काय आहे, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. ते पत्र म्हणजे मयताच्या घरी पाठवलेलं पत्र आहे, टाइमटेबल नव्हे. हे एखाद्या संध्याकाळी दोघांनी मिळून मोठ्यानं वाचा, रात्री एकला नको, आणि वाचून झाल्यावर तारखेचं काही बोलू नका, दिरांबद्दल बोला. त्यांच्याबद्दल घरात शेवटचं कधी बोलणं झालं होतं? मला वाटतं बरेच दिवस झाले असतील.

त्याच मंडळीला पौलाचं दुसरं पत्र आहे. प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं कुणी सांगितलं तर घाबरून जाऊ नका असं त्यात आहे, आणि तिसऱ्या अध्यायात जे कामधंदा सोडून फिरतात त्यांना, काम करायचं नसेल तर खायचंही नाही, असं रोखठोक. मिस्टर अजून फाउंड्रीत शिफ्टला जातात असं तुमच्या पत्रावरनं दिसतंय, ते चांगलं लक्षण आहे, जपा. वाट बघणं आणि काम करणं एकत्र चालतं हे खरं तर आपल्या भागात शिकवायला नको, १ नोव्हेंबर १९५६ पासून आपली माणसं महाराष्ट्रात जायची वाट बघतायत, २००४ पासून केस सुप्रीम कोर्टात आहे, तोवर कुणी भात लावायचं थांबवलं काय?

जमिनीचं. यिर्मया ३२ मिस्टरांसमोर ठेवा, पण सासुरवाशिणीच्या टोमण्यासारखं नको, त्यांनाच वाचायला सांगा. बाबेलच्या फौजेनं यरुशलेमला वेढा घातलाय, शहर पडणार हे यिर्मया संदेष्टा स्वतः ओरडून सांगतोय, त्यासाठी कैदेत बसलाय, आणि नेमक्या त्याच वेळी तो चुलत भावाकडनं अनाथोथमधलं शेत विकत घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहोर लावलेली आणि एक उघडी, आणि आपल्या लेखनिकाला, बारूखाला सांगतो की मातीच्या मडक्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकायला पाहिजेत. आपल्या सबरजिस्ट्रार ऑफिसातसुद्धा एवढं नीट होत नाही. शेवट येतोय हे ज्याला खरंच माहीत होतं त्यानं जमीन विकली नाही, घेतली.

आणि वचन बाजूला ठेवून कागद बघा. पहाणी, म्हणजे सातबाऱ्यासारखा उतारा, काढा, ती आरटीसी आता ऑनलाइनही दिसते, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत बघा. जमीन सासऱ्यांची म्हणता पण वाटणी झाली काय, दीर गेल्यावर वारसा लागला काय, हे लिहिलेलं नाही. ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्यात मृत्युपत्र न करता माणूस गेला आणि मुलंबाळं असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना. म्हणजे दिरांच्या हिश्श्यात आता तुमच्या जाऊबाई आणि त्यांची पोरं आली, वाटणी झालेली नसेल तर त्यांना वगळून वीस गुंठे वेगळे काढून विकायला घेणारा शहाणा माणूस तयार होणार नाही. पण एक लक्षात घ्या, हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत पोरांचा जन्मानं हक्क येतो तसं आपल्यात नाही, त्यामुळं ‘पोरीचा हक्क आहे’ म्हणून भांडायला जाल तर तो मुद्दा टिकणार नाही. एकदा वकिलाला कागद दाखवा, नवऱ्याविरुद्ध केस म्हणून नको, नुसते कागद. आणि त्याआधी जाऊबाईंकडं जाऊन बसा. त्यांचा नवरा गेलाय, या सगळ्यात त्यांना कुणी काही विचारलंय असं दिसत नाही, आणि तुमच्या मिस्टरांना तुमच्यापेक्षा त्यांचा शब्द जास्त लागेल.

देणगी द्यायला अडवू नका. पगारातनं दशांश किंवा जे काय द्यायचं ते देऊ दे, विकून द्यायचं मात्र वर्षभर नाही, एवढंच बोलणं करा. ‘वर्षभर’ म्हटलं की त्यांच्या विश्वासाला धक्का लागत नाही, २०२८ अजून लांब आहे. आणि फेलोशिपच्या त्या ब्रदरना एक साधा प्रश्न विचारायला सांगा, तुमची जमीन, तुमचं घर तुम्ही विकलं काय? कोरियातले बाँड मी उगीच सांगितले नाहीत.

एलआयसीचा राहिलेला हप्ता तुमच्याकडनं भरता आला तर भरा, बंद पडलेली पॉलिसी ठरावीक मुदतीत परत चालू करता येते पण जितके दिवस जातील तितकं व्याज आणि कटकट. पाळकसाहेबांना घरी बोलवा, पण मिस्टरांना समजवायला म्हणून नको, चहाला म्हणून. दिरांच्या मयताला ते आले असतीलच.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. श्रद्धा हा आजार नाही, पण दीड वर्ष रात्री दोनपर्यंत जागणं हा शरीराला त्रास आहेच. झोप आणखी कमी झाली, जेवण सुटलं, कामाला जाणं थांबलं, किंवा मला आवाज येतात असं काही बोलायला लागले तर पाळक आणि वचन थांबवून डॉक्टरकडं न्यायचं, आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत. अशी बरीच पत्रं येतात ज्यात घरचे वर्षभर प्रार्थनाच करत राहतात आणि मग डॉक्टर आठवतो, म्हणून सगळ्यांसाठीच लिहितेय.

राहिली पोरगी. तिला या वादात साक्षीदार करू नका, ‘बाबा असं म्हणतात आणि आई तसं’ हे तिच्या कानावर पुष्कळ पडलं असेल. तिला घेऊन कॉलेजात जा, फॉर्म आणा, आणि मिस्टरांनी सही नाही केली तर तुम्ही पालक म्हणून सही करा, आईची सही चालते. त्यांना लपवून करू नका, सांगून करा: ‘प्रभू आला तर ही फी वाया गेली म्हणून मी हिशोब विचारणार नाही.’ ते हसले तर बरं, नाही हसले तरी फॉर्म भरून या. फिजिक्सचं ट्यूशन लावायचं असेल तर आत्ताच चौकशी करा, जूननंतर जागा मिळत नाही. जाऊबाईंशी काय बोलणं झालं ते कळवा.